जुनं मॉड्यूल घ्यावं की नवं? दोन पुस्तकं शेजारी ठेवून ताडायची रीत

टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये (टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या खेळात) नव्याने आलेल्याला पहिल्या महिन्यातच दोन प्रकारचे सल्ले मिळतात. एक जण सांगतो, ऐंशीच्या दशकातली मॉड्यूल्स (छापील तयार साहसं) तेवढी खरी, पुढचा सगळा चकचकीत कागद. दुसरा सांगतो, जुन्यात फक्त खोल्या आणि ऑर्क (रानटी शत्रू), गोष्ट म्हणून काही नाही. दोघंही बहुतेक वेळा आपल्या आवडत्या कॅम्पेनबद्दल (अनेक बैठकांत चालणाऱ्या खेळाबद्दल) बोलत असतात, पुस्तकाबद्दल नाही.

सप्लिमेंटची, म्हणजे खेळासाठीच्या अशा जोडपुस्तकाची, खरी परीक्षा साधी आहे. चार जण तोंडाकडे बघत असताना डीएमला (डन्जन मास्टर, खेळ चालवणारा) हवं ते सापडतं का, आणि सापडलेलं चालतं का? छपाईचं वर्ष, चित्रं, पानांची संख्या हे सगळं त्यानंतर. खालची रीत मुख्यतः डन्जन्स अँड ड्रॅगन्सवर बेतली आहे, कारण १९७४ पासून आजपर्यंतचा माल याच एका खेळात सलग मिळतो. बाकीच्या खेळांना ती कुठे लागू पडत नाही, तेही पुढे येईल.

आधी जोडी नीट लावा

साहसाची तुलना साहसाशी, मॉन्स्टर बुकची मॉन्स्टर बुकशी. १९७९ चं मॉड्यूल आणि २०२० चं खेळाडूंच्या पर्यायांचं पुस्तक शेजारी ठेवून काही कळत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे एकाच साहसाची जुनी-नवी रूपं घ्यायची:

- रेव्हनलॉफ्ट (मॉड्यूल क्रमांक आय-६, १९८३) आणि कर्स ऑफ स्ट्राड (२०१६). पहिलं ३२ पानांचं, ५ ते ७ लेव्हलच्या (लेव्हल म्हणजे ताकदीची पायरी) पात्रांसाठी. दुसरं २५६ पानांचं, १ ते १० लेव्हलसाठी. किल्ला तोच, खलनायक तोच. शिकायला यापेक्षा चांगली जोडी नाही.
- कीप ऑन द बॉर्डरलँड्स (बी-२, १९७९) आणि गुडमन गेम्सचं २०१८ चं इन्टू द बॉर्डरलँड्स. यात मूळ पानं जशीच्या तशी छापून पुढे पाचव्या आवृत्तीचं रूपांतर दिलंय, म्हणजे एकाच पुस्तकात दोन्ही.
- टूम ऑफ हॉरर्स (१९७८) किंवा व्हाइट प्लूम माउंटन (१९७९) आणि त्यांची टेल्स फ्रॉम द यॉनिंग पोर्टल (२०१७) मधली रूपं.

'जुनं' हा एक गठ्ठा नाही, एवढं मात्र लक्षात असू द्या. अॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्सची मूळ पुस्तकं १९७७ ते ७९, बेसिक-एक्सपर्ट (बोलीत बी/एक्स) १९८१, दुसरी आवृत्ती १९८९, तिसरी २०००, साडेतीन २००३, चौथी २००८, पाचवी २०१४ आणि तिची सुधारित पुस्तकं २०२४ पासून. कव्हरवर आवृत्ती लिहिलेली नसेल तर वर्ष बघून एवढं ओळखता आलं पाहिजे. शिवाय एक तिसरी जात आहे: नियम जुने, मांडणी नवी. ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स (२०१९) हे तिचं ठळक उदाहरण. बी/एक्सचेच नियम, पण विषय शक्यतो समोरासमोरच्या दोन पानांत संपतो. 'जुनं वाचवत नाही' अशी तक्रार असेल तर आधी हे बघा. अडचण बऱ्याचदा नियमांची नसते, मांडणीची असते.

खोली-चाचणी

दोन्ही पुस्तकांतून पाच-पाच खोल्या किंवा ठिकाणं निवडा: एक प्रवेशाजवळची, एक लढाईची, एक बोलक्या पात्राची, एक सापळ्याची, एक वरवर रिकामी. मोबाइलवर दीड मिनिटाचा टायमर लावून एक खोली वाचा, पुस्तक मिटा आणि पाच प्रश्नांची उत्तरं लिहा:

1. दार उघडल्यावर पहिलं काय दिसतं, ऐकू येतं, वास कसला येतो?
2. आत कोण आहे आणि त्याला हवंय काय?
3. खेळाडूंनी काहीच केलं नाही तर काय घडेल?
4. इथे काय मिळतं आणि ते कुठे लपलंय?
5. या खोलीचा दुसऱ्या कुठल्या खोलीशी संबंध आहे?

न बघता बरोबर उत्तर आलं तर २, पुस्तक पुन्हा उघडावं लागलं तर १, पुस्तकात उत्तरच नसेल तर ०. पाच खोल्या, पाच प्रश्न, एकूण ५० पैकी गुण. बेरीज करा, पण निकाल बेरजेवर लावू नका. शून्यं किती आणि एक किती, हे वेगळं मोजा.

कारण दोन्ही दुखणी निराळी आहेत. शून्य म्हणजे पुस्तकाने काम तुमच्यावर सोडलंय. ते शनिवारी दुपारी चहा पिता पिता भरून काढता येतं. एक म्हणजे माहिती आहे, पण पुरून ठेवलीय. ती ऐन सेशनमध्ये (खेळाच्या बैठकीत) उकरावी लागते. जुन्यात शून्यं जास्त निघतात, नव्यात एक जास्त निघतात. नवशिक्याला शून्यांची भीती वाटते. आमच्या मते घाबरावं ते एकांना.

(कर्स ऑफ स्ट्राड खेळाडू म्हणून खेळणार असाल तर पुढचा परिच्छेद गाळा.)

बी-२ मध्ये कीपमधल्या माणसांना नावंच नाहीत. किल्लेदार आहे, सराईवाला आहे, पुजारी आहे. पण 'तुमचं नाव काय हो?' असं खेळाडूने विचारलं की डीएम गप्प. हे सरळ शून्य. उपाय: बारा नावांची यादी करून डीएमसमोरच्या पडद्याला आतून चिकटवा, दहा मिनिटांचं काम. आता कर्स ऑफ स्ट्राडमधलं वल्लाकी गाव घ्या. चर्चमधून संताच्या अस्थी चोरीला गेल्यात. पाद्री आणि चोरीचा धागा एन-१ या नोंदीत, अस्थी शवपेट्या बनवणाऱ्याच्या दुकानात म्हणजे एन-६ मध्ये, आणि त्या परत आल्या नाहीत तर काय होतं ते प्रकरणातल्या घटनांच्या भागात. माहिती भरपूर आणि चांगली आहे, पण तीन ठिकाणी. उपाय: पोस्टकार्डाएवढ्या एका कार्डावर 'एन-१: कोण बोलतो / एन-६: कुठे आहे, राखायला कोण / नाही मिळालं तर काय' अशा तीन ओळी. २५६ पानांच्या पुस्तकाला अशी वीसेक कार्डं लागली तर तो त्याच्या किमतीचाच भाग धरा.

मोठ्याने वाचायचा मजकूर, आणि मराठीतून चालवणं

चौकटीतला, खेळाडूंना वाचून दाखवायचा मजकूर मोजा. साठ-सत्तर शब्दांपर्यंत ठीक. तो अर्ध्या मिनिटात संपतो. शंभराच्या पुढे गेला की कोणीतरी फासे रचायला लागतं. आणखी एक बघा: महत्त्वाची वस्तू कितव्या वाक्यात येते? शेवटच्या वाक्यात 'आणि समोर ड्रॅगन आहे' असं असेल तर आधीची वर्णनं वाया.

ग्रुप मराठीत खेळत असेल तर याला वेगळंच वजन येतं. पुस्तक इंग्रजी, बोलणं मराठी, म्हणजे भाषांतर जागच्या जागी. तुटक, नोंदवजा मजकूर पटकन मराठीत येतो: 'ओली खोली, मोडका पलंग, कोपऱ्यात काहीतरी खसखसतंय.' लांब अलंकारिक परिच्छेद मात्र दुसऱ्याच वाक्याला जीभ अडकवतो. म्हणून चाचणीत सहावा प्रश्न वाढवा: ही खोली पंधरा सेकंदांत मराठीत सांगता आली का? जिथे नाही आली तिथे समासात पेन्सिलीने तीन मराठी नामं लिहून ठेवा, विशेषणं नकोत. इथे जुनी आणि ओएसई-पद्धतीची (ओल्ड-स्कूल इसेन्शियल्ससारखी) पुस्तकं बाजी मारतात, हे कबूल करायला हवं.

आकडे बदलताना खरी गफलत कुठे होते

जुनं मॉड्यूल नव्या नियमांनी चालवायचं म्हटलं की सगळे आधी एसीवर (आर्मर क्लास, वार लागणं किती कठीण ते सांगणारा आकडा) तुटून पडतात, कारण जुन्या नियमांत एसी जितका कमी तितका चांगला. ते गणित सोपं आहे. अॅडव्हान्स्डमध्ये चिलखत नसलेल्याचा एसी १०, म्हणून नवा एसी = २० वजा जुना. बी/एक्समध्ये तो ९ पासून सुरू होतो, म्हणून १९ वजा जुना. कुठलं पुस्तक कुठलं हे न बघता एकच सूत्र लावलं तर सगळे राक्षस एका आकड्याने चुकतात. ते फारसं जाणवत नाही. खरी गफलत पुढे आहे.

बी/एक्समधला ऑर्क घ्या. एसी ६, म्हणजे १९ - ६ = १३. पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्येही ऑर्कचा एसी १३ च. वाटतं, झालं काम. पण जुन्या ऑर्कचे एचपी (हिट पॉइंट्स, किती मार सोसतो ते) १डी८, म्हणजे आठ बाजूंच्या एका फाशावर येईल तेवढे, सरासरी साडेचार, नव्याचे १५. जुना मारतो १डी६, नवा कुऱ्हाडीने १डी१२+३. तोच एसी, पण हा प्राणी तिप्पट टिकतो आणि जवळपास तिप्पट मारतो.

आता संख्या बघा. जुन्या गुहेत एका खोलीत आठ ऑर्क असणं साधी गोष्ट. २०१४ च्या हिशेबाने एका ऑर्कचे १०० एक्सपी (अनुभवगुण), आठांचे ८००, सात ते दहा शत्रूंना अडीचपट गुणक, म्हणजे २०००. पहिल्या लेव्हलच्या चार पात्रांसाठी 'डेडली'ची रेषा ४०० वर आहे. पाचपट! दोन ऑर्कसुद्धा २०० गुणिले दीड म्हणजे ३००, जे 'हार्ड'च्या रेषेवर बसतं. म्हणून जुनी संख्या आणि नवा स्टॅट ब्लॉक (राक्षसाच्या आकड्यांची चौकट) ही जोडगोळी सरळ खेळाडूंची सगळी पार्टी साफ करते, आणि दोष जातो जुन्या पुस्तकाला.

जुन्या नियमांत मग आठ ऑर्क झेपायचे कसे? कारण ते शेवटपर्यंत लढायचेच नाहीत. भेटताच २डी६ चा रिअॅक्शन रोल (समोरचा कसा वागेल हे ठरवणारे फासे). म्हणजे लढाई होईलच असं नाही. आणि लढाई झालीच तर पहिला गडी पडल्यावर एकदा, निम्मे पडल्यावर पुन्हा एकदा मोराल (लढत राहण्याची हिंमत) तपासायचं. ऑर्कचं मोराल म्होरक्या असताना ८, नसताना ६. २डी६ टाकून त्याच्या वर आलं की पळ. ८ च्या वर येण्याची शक्यता ३६ पैकी १०. ६ च्या वर येण्याची ३६ पैकी २१. म्हणजे म्होरक्याला आधी पाडणाऱ्या खेळाडूंना अर्ध्याहून जास्त वेळा बाकीचे पाठ दाखवतात. हे कुठल्या खोलीच्या नोंदीत लिहिलेलं नसतं, ते नियमांत असतं. मॉड्यूल उचलून दुसऱ्या नियमांत नेलं की ते मागेच राहतं.

म्हणून रूपांतराचा क्रम असा ठेवा:

- राक्षसाचं गणित करत बसू नका. त्याच नावाचा नव्या पुस्तकातला स्टॅट ब्लॉक घ्या. २०२५ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये ऑर्कचा स्वतंत्र ब्लॉक नाही, तिथे तेवढ्याच ताकदीचा माणूस-सैनिक चालतो.
- पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला संख्या तिसऱ्या हिश्श्यावर आणा. आठांचे तीन, तेही दोन खेपांत.
- मोराल परत आणा. २०१४ च्या डीएम गाइडमध्ये विझ्डम सेव्हचा (शहाणपणाच्या गुणावर फासा टाकायचा) पर्यायी नियम आहे. जुना २डी६ तसाच वापरला तरी काही बिघडत नाही.
- भटके मॉन्स्टर आणि मशाली ठेवा. बी/एक्समध्ये दर दोन टर्नला, म्हणजे खेळातल्या वीस मिनिटांनी, डी६ वर १ आला की कोणीतरी येतं. मशाल सहा टर्न टिकते. हे काढलं तर जुन्या मॉड्यूलमधल्या रिकाम्या खोल्या खरंच रिकाम्या होतात आणि 'जुन्यात पाणी घातलंय' असा गैरसमज होतो.

तिसऱ्या आवृत्तीच्या काळातली पुस्तकं घेताना वर्ष बघाच: २००० ते २००३ मधलं पुस्तक साडेतीनला तंतोतंत बसत नाही. डॅमेज रिडक्शन (राक्षसाला लागणारा मार किती कमी होतो ते) '१०/+१' असं लिहिलेलं दिसलं की ते आधीचं. साडेतीनमध्ये ते '१०/मॅजिक' होतं.

खजिना

जुन्या मॉड्यूलमधलं सोनं बघून नवशिका हरखतो किंवा हसतो. जुन्या नियमांत परत आणलेल्या एका सुवर्णनाण्याला एक एक्सपी. बी/एक्सच्या फायटरला दुसऱ्या लेव्हलसाठी २००० एक्सपी लागतात, आणि ते मुख्यतः खजिन्यातूनच यायचे. म्हणून हजारो नाणी. पाचव्या आवृत्तीत दुसरी लेव्हल ३०० एक्सपीला मिळते आणि सोन्याचा त्याच्याशी संबंध नाही. उलट प्लेट चिलखत बी/एक्समध्ये ६० नाण्यांना, इथे १५०० ला. जुना खजिना जसाच्या तसा ओतला की तिसऱ्या सेशनला सगळे प्लेटमध्ये. नाणी दहाव्या हिश्श्यावर आणा, जादूच्या वस्तू मात्र राहू द्या. त्याच लक्षात राहतात.

कागद, स्कॅन, नकाशा

जुन्या मॉड्यूलचं कव्हर बहुधा सुटं असायचं आणि आतल्या बाजूला नकाशा, म्हणजे कव्हर उभं करून तोच पडदा. कल्पना उत्तम, पण सेकंडहँड घेताना कव्हर आहे का हे आधी विचारा, नाहीतर नकाशाविना पुस्तक हाती येतं. नकाशे फिक्या निळ्या शाईत असल्याने झेरॉक्स पांढरीफटक निघते. मोबाइलने फोटो काढून ब्लॅक-अँड-व्हाइट करा, काँट्रास्ट वाढवा, मग छापा.

अधिकृत स्कॅन पीडीएफ मिळतात. घेतल्या घेतल्या एक गोष्ट तपासा: शोधात '१डी६' टाइप करा. जुन्या स्कॅनमध्ये इंग्रजी एकच्या आकड्याचा ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) बऱ्याचदा एल किंवा आय करून ठेवतो, आणि शोध काही सापडत नाही. तसं असेल तर त्या पीडीएफमध्ये शोधावर विसंबू नका, बुकमार्क स्वतः लावा.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे पानाचा आकार. ही पुस्तकं अमेरिकन लेटर साइजची, २१६ बाय २७९ मिमी. आपला ए-४ कागद २१० बाय २९७. प्रिंटर 'फिट' वर असेल तर पान ९७ टक्क्यांवर येतं आणि एक इंचाचा चौकोन २४.७ मिमीचा होतो. एका चौकोनात कळत नाही. दहा चौकोनांत सात मिमी सरकतं आणि दोन पानं जोडली की रेषा जुळत नाहीत. युद्धाचा नकाशा छापताना '१००%' निवडा, कडा कापली गेली तरी चालेल.

बांधणीबद्दल एवढंच: सगळं जुनं भक्कम नव्हतं. १९८५ च्या अनअर्थ्ड आर्कानाची पानं सुटण्याची ख्याती आजही आहे. दुसऱ्या आवृत्तीचं मॉन्स्ट्रस कंपेंडियम (१९८९) सुट्या पानांच्या फाइलमध्ये आलं, म्हणजे नवीन पानं मध्ये घालता यावीत. पण पानाच्या दोन बाजूंना दोन राक्षस असले की वर्णक्रम मोडायचा. १९९३ मध्ये ते बांधलेल्या मॉन्स्ट्रस मॅन्युअलवर आले. कोकणातल्या पावसाळ्यात कुठलीच बांधणी फुकट टिकत नाही. पुस्तकं उभी ठेवा, भिंतीपासून दोन बोटं लांब.

कुठली छपाई हातात आहे?

त्याच नावाच्या पुस्तकात मजकूर बदललेला असतो. कर्स ऑफ स्ट्राडच्या २०२० च्या पेटीबंद आवृत्तीत व्हिस्तानी या भटक्या लोकांचं चित्रण सुधारलं. डीटीज अँड डेमिगॉड्स (१९८०) आधी १४४ पानांचं होतं. नंतर दोन प्रकरणं वगळून ते १२८ चं झालं. याच पुस्तकात एक भारतीय विभाग आहे, आणि इंद्र, अग्नी, काली यांना एसी आणि एचपी दिलेत. मराठी घरात हे टेबलावर उघडण्याआधी आपल्या ग्रुपला चालेल का, हे विचारून घ्या. कोणाला गंमत वाटते, कोणाला नाही. मॉन्स्टर मॅन्युअलमधला 'राक्षस' वाघाच्या तोंडाचा असतो आणि १९७७ च्या नियमाने मंतरलेल्या बाणाने मरतो. आपल्या गोष्टींतल्या राक्षसाशी त्याचा संबंध जवळपास नावापुरता. हा जुन्याचा दोष आणि नव्याचा गुण असं म्हणवत नाही, कारण नव्या पुस्तकातही तोंड वाघाचंच आहे.

हीच फूटपट्टी सगळीकडे चालत नाही

कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळाचं उदाहरण घ्या. सातव्या आवृत्तीत गुणांक शंभरापैकी झाले, म्हणजे जुना स्ट्रेंग्थ १३ असेल तर गुणिले पाच, ६५. कौशल्यं आधीपासून टक्क्यांतच. एका पात्राला दोन मिनिटं लागतात. त्यामुळे मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप या त्यातल्या साहसाची १९८४ ची पेटी आणि २०१८ चे दोन खंड ताडताना आकडे बाजूला ठेवून मजकुरावर बोला: नव्यात १९२१ मधल्या पेरूची प्रस्तावना आहे, जी पात्रांना मूळ कटाशी आधीच जोडते. जुन्यात ते खेळ चालवणाऱ्याला स्वतः जमवावं लागे. इथे नवं घ्यावं, फारसा विचार न करता.

स्पेलजॅमरमध्ये (डन्जन्स अँड ड्रॅगन्सचं अवकाशजहाजांचं जग) उलट. १९८९ च्या पेटीत जहाज चालवण्याचे आणि जहाजांच्या लढाईचे भरपूर नियम होते. २०२२ च्या संचात ६४ पानांची तीन पुस्तकं, त्यातलं एक राक्षसांचं, एक साहसाचं. नियमांना आणि जगाला उरलं एकच. जहाजांची लढाई हवी असेल तर जुनी पेटी लागतेच.

आणि कधी फरक एकाच आवृत्तीच्या पोटात असतो. चौथ्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या राक्षसांच्या लढाया रेंगाळत. २०१० च्या मॉन्स्टर मॅन्युअल ३ पासून नुकसानीचे आकडे वाढवले गेले. चौथी खेळायचीच असेल तर आधीच्या राक्षसांनाही त्या नंतरच्या आकड्यांनी चालवा.

शेवटची चाचणी टेबलावर

दोन्ही पुस्तकांतला साधारण तेवढ्याच लांबीचा तुकडा, चार-पाच खोल्यांचा, त्याच ग्रुपबरोबर दोन वेगळ्या दिवशी तीन-तीन तास चालवा. पडद्याआड एक कोरा कागद ठेवा आणि त्यावर फक्त तीन प्रकारच्या काड्या मारा: पान उलटायला खेळ थांबला तेव्हा 'प', पुस्तकात नसलेलं जागेवर रचावं लागलं तेव्हा 'र', आणि खेळाडूंनी स्वतःहून काहीतरी ठरवलं, बेत आखला किंवा भांडले तेव्हा 'ख'. तीन तासांत 'प' दहाच्या वर गेले तर त्या पुस्तकाला कार्डं करावी लागणार. 'र' जास्त आणि तरी 'ख' जास्त असतील तर ते पुस्तक तुमच्या हाताला बसलंय. 'प' आणि 'र' दोन्ही कमी, पण 'ख' सुद्धा कमी, असं असेल तर पुस्तक गुळगुळीत आहे आणि खेळाडू नुसते ऐकतायत. पुढच्या वेळी त्यातला वाचून दाखवायचा मजकूर निम्मा करून बघा.

कागदावर तारीख, लेव्हल आणि किती जण होते ते लिहून तो त्याच पुस्तकात घडी घालून ठेवा. दुसऱ्या ग्रुपला तेच मॉड्यूल चालवायची वेळ आली की तयारी त्या कागदापासून सुरू करा.